पोर्चचा स्लॅब

वडजाईच्या माळावरचं विमानतळ मोठं होणार, ही बातमी वस्तीवर सुलाबाईनं आणली. हरणाबाई तेव्हा वाघरीत, मेंढरं कोंडायच्या जाळीत, लेंड्या गोळा करत होती. सुलाबाई कुडाला टेकली, पदरानं मानेवरचा घाम पुसला आणि सांगायला लागली.

"लय मोठं करनार हायत बग. बसायला गार हवेचा हॉल, भिती सगळ्या काचंच्या, लेकुरवाळीला पाजायला येगळी खोली. आन् म्होरं ही एवढी पोर्च. गाडीतनं उतरलं की डोक्याला ऊन म्हनून लागायचं न्हाई. कामाला बाया पायजेत."

"काम कुनाकडं हाय?"

"कंपनी पुन्याकडची. पर पोर्च आन् संडास-बाथरूमचं काम उदयसिंहानं घेतलंय." नाव तोंडातून गेलं आणि सुलाबाई थबकली. "तू काय यायची न्हाईस म्हना."

हरणाबाईनं भरलेली पाटी उचलून काखेला मारली.

"येती की. एकली न्हाई येत, बाया घिऊन येती."

सुलाबाई तिच्या तोंडाकडं बघतच राहिली. उदयसिंहाचं नाव हरणाबाईसमोर घ्यायचं नाही, हे वस्तीवर सगळ्यांना ठाऊक होतं. का घ्यायचं नाही, हे मात्र जो तो आपापल्या परीनं सांगायचा.

काही वर्षांमागं झालं होतं असं. जुनं टर्मिनल म्हणजे पत्र्याची लांबट शेड. आठवड्यातून एखाददुसरं बारकं विमान यायचं, चार माणसं उतरायची, चार चढायची. तिथं झाडलोट करायला माणसं पुरवायचा ठेका उदयसिंहाकडं होता आणि हरणाबाई त्याच्याकडं कामाला होती. लुगड्यावर निळा कोट घालायची, फरशी पुसायची, बायकांचा संडास धुवायची. काम तिला आवडायचं. फरशी पुसून झाली की तिच्यात छतावरच्या दिव्यांच्या नळ्या दिसायच्या, आणि त्या दिसल्याशिवाय ती उठायची नाही.

एक दिवस बेंगळुरूला निघालेल्या एका बाईच्या गळ्यातली चेन हरवली. बाई संडासात जाऊन आली होती, आणि तिच्या मागोमाग हरणाबाई बादली घेऊन आत गेली होती. बाईनं आरडाओरडा केला. उदयसिंह आला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही, हरणाबाईला नुसतं बोटानं बोलावलं आणि जनरेटरच्या खोलीत नेलं. दारात दोन वॉचमन उभे केले. तिकिटाच्या खिडकीवरची पोरगी बाईमाणूस हवं म्हणून आत आणली. ती बिचारी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"लुगडं सोड," उदयसिंह म्हणाला.

"मालक, देवाशपथ, मी न्हाई वो घेतली."

"मग भितीस कशाला? सोड."

नऊवारी लुगडं सोडायला वेळ लागतो. तिनं सोडलं. त्यानं एक टोक धरून ते रिकामं पोतं झटकावं तसं झटकलं. जनरेटर सुरूच होता, त्याची गरम वाफ तिच्या उघड्या पोटऱ्यांना लागत होती. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. चेन सापडली होती. त्या बाईच्याच लेकराच्या दुपट्यात अडकून बसली होती. उदयसिंह फोनमध्ये हसला, "सापडली न्हवं, बेस झालं," म्हणाला, आणि जमिनीवरचा लुगड्याचा ढीग बुटाच्या टोकानं तिच्याकडं सरकवून बोलला, "नेस."

दुसऱ्या दिवसापासून तिला कामावर घेतलं नाही. "लोकं उगं कुजबुजत्यात," एवढंच त्यानं निरोप्याकडून कळवलं. चेन सापडली हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही. वॉचमन आणि ती पोरगी आपापली नोकरी सांभाळून होते. सांगायची त्याला गरजच काय होती? बाई विमानात बसून निघून गेली. गावात राहिलं ते एवढंच की हरणाबाईची झडती झाली आणि तिला कामावरनं काढली. बाकीची बेरीज गावानं केली. पाण्याच्या टाकीवर बायका एकमेकींना डोळ्यांनी खुणवायच्या. दुकानदार तिच्या हाताकडं बघत माल द्यायचा.

हे सगळं ती गिळू शकली असती. पण झडतीच्या दिवशी संध्याकाळी ती नवऱ्याला सगळं सांगायचं ठरवून घरी आली होती. आकाराम भाकरी खात बसला होता. वस्तीवर बातमी तिच्या आधी पोचली होती. त्यानं मान वर न करता विचारलं, "घेतली न्हाईस न्हवं?"

ती सरळ आत गेली. ना चेन सापडल्याचं सांगितलं, ना लुगड्याचं. त्या दिवसापासून ती नवऱ्याला वेळेवर भाकरी घालायची, त्याच्या सुजल्या गुडघ्याला तेल लावायची, मेंढरांना पाणी दाखवायची; पण कामापुरत्या शब्दाच्या पुढं तिनं त्याच्याशी एक शब्द जास्त खर्च केला नाही.

उदयसिंहाचा मात्र तिनं रोज विचार केला. गवत कापताना, भाकरी थापताना, कुत्र्याला हाड टाकताना. त्याला काय करायचं हे तिला ठाऊक नव्हतं. करायचं आहे एवढं ठाऊक होतं.

*

उन्हाळा लागला होता. बेदाण्याच्या शेडवर हंगाम भरात होता, आजूबाजूच्या गावांतल्या बायका तिकडं गेलेल्या. उदयसिंहाला माणूस मिळेना. अशात हरणाबाई वस्तीवरच्या बायका घेऊन साईटवर उभी राहिली.

उदयसिंह मोटारीच्या बॉनेटवर नकाशा पसरून उभा होता. पांढरा शर्ट, डोळ्यांवर काळा चष्मा. त्याच्या अंगाला अत्तराचा वास येत होता. जनरेटरच्या खोलीत आला होता तोच वास. हरणाबाई जागची हलली नाही.

"किती बाया हायत?"

"पायजेल तेवढ्या. आजून आनती."

"काम जमंल का? घमेली उचलायची हायत, मेंढरं न्हवंत."

"जमंल."

त्यानं चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडं पाहिलं. "तू आधी हितं कुटं तरी कामाला हुतीस न्हवं?"

"हुती."

"तरीच. तोंड बघितल्यागत वाटतंय." आणि चष्मा खाली करून तो परत नकाशात बघायला लागला.

तो विसरला होता. हरणाबाईनं सगळ्या गोष्टींची तयारी केली होती. तो हाकलून देईल, हसेल, मागचं काढून टोमणा मारेल. पण तो विसरला असेल हे तिच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. ती रोज ज्या गोष्टीबरोबर उठली आणि निजली, ती त्या माणसाच्या ध्यानातही राहिली नव्हती. त्या दिवशी तिनं पहिलं घमेलं डोक्यावर घेतलं तेव्हा ते निम्मं वाटेतच सांडलं. सुलाबाईला वाटलं, सवय नाही म्हणून.

काम सुरू झालं. जुन्या शेडच्या पुढं पाया खणला. माळाचा मुरूम लोखंडासारखा. टिकाव मारला की ठिणगी उडायची आणि हाताला झिणझिण्या यायच्या. बायका मुरूम वाहायच्या, खडी वाहायच्या, कॉलमवर पाणी मारायच्या. ऊन असं की सळई उघड्या हातानं धरवत नव्हती, कपड्याच्या चिंध्या गुंडाळाव्या लागत. मधूनच विमान उतरायचं. मग सगळ्या धुळीनं तोंडं माखलेल्या बायका पदर नाकाला लावून उभ्या राहायच्या आणि हिरव्या पडद्याआडनं प्रवासी चाकाच्या बॅगा ओढत जुन्या दारानं बाहेर पडायचे. एखादं पोर बोट दाखवायचं, त्याची आई त्याला पुढं ढकलायची.

हरणाबाई सगळ्यांच्या आधी यायची. बायका तिच्या धाकात असायच्या. कुणी बसली की ती नुसती बघायची, तेवढ्यानं ती उठायची. उदयसिंह खूश होता. कंपनीचा इंजिनियर आला की तो सांगायचा, "आमची हरणाबाई हाय म्हणून बिनघोर हाय बगा, साहेब." तो तिला स्वतःच्या थर्मासमधला चहा द्यायला लागला. ती घ्यायची, प्यायची, कप धुऊन परत द्यायची.

तिची सून समीक्षा बारावी झालेली. मुलगा धनाजी तिकडं कोइमतूरला सोनं-चांदी गाळायच्या, गलाईच्या दुकानात. समीक्षाला उदयसिंहानं सिमेंटच्या गोण्या मोजायला सावलीत बसवली होती, आणि एक दिवस आपण होऊन म्हणाला होता, "नवं टर्मिनल झालं की तुला आत काउंटरला चिकटवतो. शिकलीस, बोलाय बरी हायस." समीक्षानं ते त्याच रात्री धनाजीला फोनवर सांगितलं. मग आरशात बघून केसांचा अंबाडा घालून पाहिला. हरणाबाईनं ते दारातून पाहिलं आणि ती चुलीकडं वळली.

काय करायचं हे तिला कळलं ते कॉलम उभे राहिल्यावर. पोर्च पुढं झेपावणारी होती, खाली आधार फक्त मागच्या बाजूला. इंजिनियर उदयसिंहाला बजावत होता आणि हरणाबाई जवळच खडी चाळत होती.

"हे बघा, ह्या स्लॅबला मधे जोड चालणार नाही. एकदा सुरू केला की संपेपर्यंत थांबायचं नाही. थांबला तर मी पास करणार नाही, फोडायला लावीन. पंपाची गाडी मागवा."

"पंप कशाला, साहेब? माझ्याकडं मिक्सर हाय, बाया हायत. हातानं टाकतो. ह्या वाघिनीगत काम करत्यात."

इंजिनियरनं नाखुशीनंच मान डोलावली. चाळणीतली खडी खाली पडत होती आणि हरणाबाईचा हात चालतच राहिला. पण त्या दिवशी घरी जाताना तिला कितीतरी दिवसांनी भूक लागली होती.

*

स्लॅबचा दिवस उजाडला. कोपऱ्यावर नारळ फोडला, गुलाल टाकला. स्लॅब पडला की गँगला मटणाचं जेवण द्यायची रीत; शेडच्या मागं तीन दगडांवर पातेलं चढलं होतं आणि मसाल्याचा वास सगळ्या साईटवर फिरत होता. गुंडा नावाच्या गड्यानं मिक्सर सुरू केला. धडधड सुरू झाली, तिच्यात बाकीचे सगळे आवाज बुडाले.

खालपासून वरपर्यंत फळ्यांच्या उतारावर बायकांची रांग लागली. भरलेलं घमेलं वर चढायचं, रिकामं खाली यायचं. हरणाबाई सगळ्यात वर, स्लॅबच्या तोंडाशी. घमेलं घ्यायचं, ओतायचं, खाली सोडायचं. सिमेंटचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं, वाळायचं आणि कातडी ओढायला लागायचं. गवंडी फळीनं माल सारखा करत पुढं सरकत होते. सूर्य वर आला. खाली खुर्ची टाकून बसलेला उदयसिंह अधनंमधनं ओरडायचा, "शाब्बास! चालू दे, चालू दे!"

अर्धा स्लॅब झाकला गेला. ओला माल उन्हात चमकत होता आणि पुढची सळयांची जाळी उघडी होती. हरणाबाईनं हातातलं घमेलं ओतलं. मग ते पालथं घातलं आणि त्यावर बसली.

खालची घमेली रांगेत अडकली. सुलाबाई तिच्या खालच्या फळीवर उभी होती. "काय गं? चक्कर आली का?"

"न्हाई. घमेलं खाली ठेव. खालच्यांस्नी बी ठेवाय सांग."

तिच्या आवाजात असं काही होतं की सुलाबाईनं विचारलं नाही. घमेली एकामागून एक खाली बसली.

उदयसिंह खुर्चीतून उठला. "का थांबलाय गं? हरणाबाई! पानी पायजे का?"

"मालक, वर या."

"आगं, माल वाळतोय! काय ते तितनंच बोल!"

"तुमीच वर या."

तो फळ्यांवरून चढून आला. धापा टाकत होता, शर्ट पाठीला चिकटला होता. हरणाबाई बसूनच राहिली, त्याला तिच्यासमोर वाकून उभं राहावं लागलं.

"जुन्या टर्मिनलात मी झाडलोटीला हुती," ती म्हणाली. "एका बाईची चेन हरवली हुती. आठवतंय का आता?"

त्यानं चष्मा काढला. बराच वेळ त्याच्या तोंडावर काही दिसलं नाही, आणि मग दिसलं. ओळख पटताना माणसाचं तोंड कसं होतं, हे हरणाबाईनं डोळे भरून पाहिलं.

"त्ये... त्ये कवाचं," तो आवाज खाली आणून म्हणाला. "आता काय त्याचं? स्लॅब होऊ दे. मग निवांत बोलू."

"स्लॅब झाल्यावर तुमी काय बोलायचं न्हाईसा. चेन सापडली का न्हाई, एवढं सांगा. खालच्या सगळ्यांस्नी ऐकू जाईल असं."

इंजिनियर खालून ओरडला, "उदयसिंहराव, काय चाललंय? चालू करा!"

खाली समीक्षा उताराच्या पायथ्याशी आली होती. "आत्ती, आवं काय करताय? उठा की. काय आसंल ते घरी बोला." आणि मग काकुळतीनं, "माजं बगा की जरा."

हरणाबाईनं तिच्याकडं पाहिलं. त्या पोरीचा घातलेला अंबाडा, कपाळावरची बारीक टिकली. तिचं मन एकदा हललं. पण ती उठली नाही.

उदयसिंहानं स्लॅबकडं पाहिलं. मालाची चमक कडेकडेनं मरायला लागली होती. त्यानं बोटांनी कपाळ चोळलं आणि खालच्या माणसांकडं तोंड करून बोलला, "सापडली हुती."

"मोठ्यानं."

"सापडली हुती! त्या बाईच्याच पोराच्या दुपट्यात! हिनं घेतली नव्हती! झालं का समाधान? उचला आता घमेली!"

सुलाबाईचा हात तोंडावर गेला. खालच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. टाकीवर डोळ्यांनी खुणवणाऱ्या त्यातल्याच होत्या. दोघी-तिघींनी लगबगीनं घमेल्यांना हात घातला, जणू तेवढ्यानं मागचं सगळं फिटणार होतं.

हरणाबाई अजून बसलेलीच होती.

"आनि लुगडं?"

त्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

"जनरेटरच्या खोलीत माजं लुगडं कुनी सोडाया लावलं?" आता तिचा आवाज वाढला, मिक्सरच्या धडधडीवर चढला. "दारात दोन गडी उभं करून? चेन सापडल्याचा फोन आला, तवा ते लुगडं माज्याकडं कशानं सरकवलं? सांगा, मालक. हातानं दिलं का कशानं दिलं, त्ये बी सांगा."

घमेल्याला हात घातलेल्या बायकांनी हात काढून घेतले.

उदयसिंहानं इंजिनियरकडं पाहिलं, गवंड्यांकडं पाहिलं. चेन सापडली हे सांगणं सोपं होतं. हे तोंडातून निघणारं नव्हतं.

"खोटं बोलतीया," तो म्हणाला. मग एकदम त्याचा तोल गेला. "तुमच्यासारख्यांस्नी कामावर घ्यायलाच नको! मेंढरामागं फिरनारी जात तुमची..." आणि तिथंच थांबला. खालपासून वरपर्यंत उभी असलेली एकूणएक बाई त्या वस्तीवरची होती, हे त्याच्या ध्यानात आलं. सुलाबाई पहिली खाली बसली. तिच्यामागून एकेक करत सगळी रांग फळ्यांवर बसली.

मिक्सरचा ड्रम फिरत होता. तो फिरत होता तोवर आतला माल जिवंत होता. चार गडी वर आले असते तर कदाचित काम निभावलंही असतं. समीक्षा उताराच्या पायथ्याशी हात लोंबते सोडून उभी होती. ती सासूकडं बघत होती, आणि मग ती मिक्सरकडं चालत गेली.

"बंद कर," ती गुंडाला म्हणाली.

"येडी का खुळी तू? बंद केला की आत गोळा व्हतोय सगळा."

"म्हाईत हाय मला. बंद कर."

गुंडा उदयसिंहाकडं बघायला लागला. समीक्षानं त्याला कोपरानं बाजूला सारलं आणि इंजिनाचा डिझेलचा कॉक स्वतः फिरवला. धडधड अडखळली, दोनदा उचकी दिल्यासारखी झाली आणि बंद पडली. सकाळपासून कान बधिर झालेल्या माणसांना एकदम माळावरचा वारा ऐकू यायला लागला.

उदयसिंहानं मग काय केलं नाही? गुंडाला इंजिन फिरवायला लावलं, पण भरलेला ड्रम ओढेना. सेंट्रिंगचा साचा ठोकणारी पोरं हाकलून वर धाडली. स्वतः घमेलं उचललं. पांढऱ्या शर्टावर माल सांडला, फळीवर पाय घसरला, गुडघ्यावर पडला. फोन लावून पंपाची गाडी मागितली, ती कऱ्हाडवरून यायला संध्याकाळ होणार होती. शेवटी तो हरणाबाईपुढं आला आणि सगळ्यांच्या देखत त्यानं हात जोडले.

"चुकलं माजं. आई म्हनतो, भन म्हनतो, तू म्हनशील ते म्हनतो. पर ऊठ."

"काय चुकलं?" तिनं विचारलं.

त्यानं हात जोडलेलेच ठेवले, आणि हरणाबाई त्या हातांकडं नुसती बघत राहिली.

बऱ्याच वेळानं इंजिनियर वर चढला. वाकून त्यानं स्लॅबच्या कडेला अंगठा दाबला. अंगठा आत गेला नाही.

"गेला," तो म्हणाला. "सगळं फोडावं लागणार."

तेव्हा हरणाबाई उठली. पाय बधिर झाले होते, तिनं सुलाबाईच्या खांद्याचा आधार घेतला. बायका उतारावरून खाली आल्या, मटणाच्या पातेल्याजवळून गेल्या. त्यातल्या कित्येकींनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. एकीनंही तिकडं मान वळवली नाही.

*

बातमी याही वेळी हरणाबाईच्या आधी वस्तीवर पोचली होती. आकाराम वाघरीजवळ बसला होता. मेंढरं कोंडायची राहिली होती, ती तशीच इकडंतिकडं फिरत होती. तिला बघून तो काठी टेकत उठला.

"मला का न्हाई सांगितलंस?" त्याचा आवाज फाटला होता. "मी त्याला तितंच तोडला आसता."

"सांगायलाच आली हुती," हरणाबाई म्हणाली. "तुमी आधी इचारलं."

त्याला आठवलं. त्यानं मान खाली घातली, त्यावरून तिला ते कळलं. तो तिथंच मातीत खाली बसला आणि पागोट्याच्या टोकात तोंड खुपसून रडायला लागला. म्हाताऱ्या माणसाचं रडणं, खोकल्यासारखं. हरणाबाई थोडा वेळ उभी राहिली. त्याला उठवावं असं तिला वाटलं नाही. तिनं मेंढरं कोंडली, चूल पेटवली, भाकरी केली. त्याचं ताट त्याच्यापुढं नेऊन ठेवलं आणि स्वतः आत येऊन जेवली. दोन भाकरी खाल्ल्या. घासागणिक उदयसिंहाचं ते तोंड तिच्या डोळ्यांपुढं यायचं, फळीवर गुडघ्यावर पडलेला तो दिसायचा, आणि घास गोड लागायचा.

पण भांडी घासताना कुडापलीकडून समीक्षाचा आवाज आला. ती फोनवर होती. "न्हाई वो, नोकरीचं काय खरं न्हाई आता. ... न्हाई, मीच बंद केला. ... व्हय. मीच." मग बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचा आवाज. हरणाबाई राखेचा हात तसाच धरून बसून राहिली. त्या पोरीला काही सांगावं, जवळ घ्यावं, असं तिला फार वाटलं. सकाळी तिनं समीक्षाच्या चहात दोघींचं दूध घातलं आणि स्वतः कोरा प्याली, एवढंच.

कंपनीनं उदयसिंहाचं काम काढून घेतलं. पोर्च पंपानं पुन्हा टाकायची ठरली, तीही दुसऱ्या ठेकेदाराकडून. त्याआधी जुना स्लॅब फोडायचा होता. गुंडा निरोप घेऊन वस्तीवर आला. "साहेब म्हनत्यात, राडारोडा उचलायला बाया पायजेत. याल का?"

बायका हरणाबाईकडं बघायला लागल्या.

"येऊ," ती म्हणाली. "पर मी घमेलं उचलायची न्हाई. मला घण पायजे."

गुंडा हसला. मग तिचं तोंड बघून हसायचा थांबला.

फोडायचं काम तिसऱ्या दिवशी रंगात आलं. कडेच्या सळया कापून झाल्या होत्या. हरणाबाई वर उभी होती, पदर कमरेला खोचलेला, पाय फाकलेले. घण जड होता. पहिल्या दिवशी तिच्या तळव्यांना फोड आले होते, दुसऱ्या दिवशी ते फुटले, आता तिथं चिंधी बांधली होती. घण डोक्यावरून मागं न्यायचा, एक श्वास धरायचा, आणि सोडायचा. प्रत्येक घावाला पायांखालचा दगड कुरकुरायचा. पुरुष गडी आधी तिच्याकडं बघून हसले होते. आता तिला जागा सोडून काम करत होते.

दुपारी उदयसिंह आला. मोटार लांब, फाटकाबाहेर ठेवून चालत आला. सेंट्रिंगच्या प्लेटा त्याच्या होत्या, त्या न्यायला टेम्पो आणला होता. दाढी वाढलेली, डोळ्यांवर चष्मा नव्हता. पोरांना प्लेटा उचलायला सांगून तो पोर्चच्या कडेखाली येऊन उभा राहिला आणि वर बघायला लागला. धुळीमुळं त्याला डोळे बारीक करावे लागत होते.

"मन भरलं का, हरणाबाई?" त्यानं विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच विचारत होता.

हरणाबाईनं कपाळावरचा घाम दंडाला पुसला. वरून तिला त्याच्या डोक्याचा विरळ झालेला मध्यभाग दिसत होता. खाली सगळे गडी, सगळ्या बायका थांबल्या होत्या. तिला वाटलं, सांगावं की भरलं. मग वाटलं, सांगावं की कधीच भरायचं नाही. यातलं कुठलं खरं, हे तिचं तिलाही ठरवता येईना.

"आजून लय ऱ्हायलाय फोडायचा," ती म्हणाली. "बाजूला व्हा, मालक. डोक्यात पडंल."

तो हलला नाही. ती घण टेकून उभी राहिली, त्याच्याकडं बघत, कसलीही घाई नसल्यासारखी. माळावरून वारा आला आणि फुटलेल्या काँक्रीटची पांढरी धूळ त्याच्या खांद्यावर बसली. मग उदयसिंह एक पाऊल मागं सरला, आणखी एक सरला, आणि शेवटी उन्हात जाऊन उभा राहिला.

तेव्हा तिनं घण उचलला.